चाळिसावी जोडी

दवाखान्याचं फाटक उघडलं आणि सकाळपासूनच्या शिस्तीचे तीनतेरा वाजले. लस चाळीस जणांपुरती, माणसं शंभरावर. उन्हात ताटकळायला नको म्हणून लोकांनी रांगेत आपापल्या चपला ठेवल्या होत्या आणि सगळे सावलीत बसले होते. आता कुणाचा मास्क हनुवटीवर, कुणाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीत आणि चपलांचा झालेला ढीग. जो तो सांगत होता, पहिला नंबर आपलाच. नर्सबाईंनी बजावलं, पाच मिनिटांत रांग लागली नाही तर आजची लस बंद.

समोरच्या फुटपाथवर बसलेला मोची हे सगळं बघत होता. त्याच्या बायकोला दमा. मागच्या महिन्यात मरता मरता वाचली होती बिचारी. तिची चप्पल होती एक्केचाळिसावी. त्याने चारदा मोजून पाहिलं होतं. कुणीतरी कंटाळून घरी जाईल, एवढ्याच आशेवर तो बसला होता.

गिऱ्हाईक नव्हतंच, त्यामुळे सकाळभर त्याने नुसत्या चपला बघितल्या होत्या. निम्म्या तर त्यानेच शिवलेल्या. तोंडं मास्कमागे लपली तरी पाय कुठे लपणार? तो अनवाणीच उठला आणि ढिगातून एकेक जोडी ओळीत लावू लागला. लाल पट्ट्याची पहिली, शाळेतल्या बाईंची. एका जाड्या गृहस्थाने ती आपलीच म्हणून हुज्जत घातली, तेव्हा मोच्याने त्याला ती घालूनच बघायला सांगितलं. गृहस्थ गुमान मागे सरकला.

बायकोची जोडी हाती आली आणि हात थबकला. एक जागा पुढे सरकवली तर कुणाच्या बापाला कळणार होतं? पण सगळे त्याच्या शब्दावर गप्प झाले होते. त्याने ती एक्केचाळिसावीच ठेवली आणि स्वतःचा भयंकर राग राग केला.

एकोणचाळीस जण आत गेले. चाळिसावी जोडी तशीच पडून. टाचा झिजलेल्या, पट्टा सुतळीने बांधलेला. असली दळभद्री चप्पल त्याच्या हाताखालून गेली असती तर अशी राहिली असती का? त्याने तीनदा विचारलं, कुणाची म्हणून. दर वेळी आवाज थोडा खालीच आला, खोटं कशाला बोला. कुणी पुढे आलं नाही.

बायको मास्कमागे हसत सुटली, पार खोकला येईपर्यंत.

"अहो, जरा स्वतःच्या पायांकडे बघा."

त्याने बघितलं. सकाळी कामाला बसताना त्याने काढलेली चप्पल तिनेच उचलून आपल्या आधी ठेवली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सगळी रांग खो खो हसली.

"तुम्ही दिवसभर जगाच्या चपला हाताळता," ती म्हणाली. "म्हणून तुमची आधी. जा आता."

त्याला भरून आलं. त्याने रांगेतली आपली चप्पल उचलली आणि तो खेकसला.

"माझी मी उचलली. आता पुढची कुणाची आहे? तिने आत जावं."

ती गेली. तो आपल्या जागेवर येऊन बसला, सुतळी कापली आणि दोऱ्याला मेण लावून आपला पट्टा शिवायला घेतला. उद्या रांगेत ठेवायची, तर निदान आपली आपल्याला ओळखू यायला नको?