पहिला हक्क

मास्तरच्या धाकट्या भावानं शिंप्याच्या हातातली बादली काढून घेतली, नळाखाली ठेवली आणि त्याच्याकडे न बघताच म्हणाला,

"तुम्ही बाहेर बसा. घरची माणसं आहेत करायला."

मशिदीच्या मागच्या बाजूची ती मयत धुवायची खोली. मध्ये दगडी ओटा, ओट्याला उतार, उताराच्या टोकाला मोरी. कोपऱ्यात कापूर आणि पांढऱ्या कापडाची घडी. ओट्यावर चादरीखाली मास्तर. अंगानं इतका वाळलेला, की चादर नुसतीच पसरून ठेवलीय असं वाटावं.

"बादली तरी भरू द्या," शिंपी म्हणाला.

"नको. लोक बघताहेत. निदान आज तरी दादाला स्वच्छ जाऊ द्या."

शिंपी दाराशी येऊन उभा राहिला. आत नाही, बाहेरही नाही. आता यावर बोलणार काय, कपाळ!

शिंप्याच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत तो आणि मास्तर निम्मं आयुष्य एकत्र राहिले. खोल्या मास्तरच्या नावावर, दुकान शिंप्याचं. गल्लीत कुणी आंधळं नव्हतं. पण मास्तरनं गल्लीतल्या निम्म्या पोरांना गणिताच्या खड्ड्यातून वर काढलेलं आणि शिंप्यानं उरलेल्यांच्या लग्नाचे कपडे शिवलेले. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची, असं सगळ्यांनीच न बोलता ठरवून टाकलं होतं. फार तर कुणी थट्टा करायचं, "काय टेलर, आज भाजी कुणी केली?" आणि शिंपी म्हणायचा, "मीच. मास्तर मीठ मोजत बसतो, तोवर भूक मरते."

शिंपी नमाज न चुकवणारा. त्याचं देवाशी कधी भांडण झालं नाही. घाबरट होता तो मास्तर. झोपेतून दचकून उठायचा आणि विचारायचा, "वर गेल्यावर काय सांगायचं रे?"

"काय सांगायचंय? कापड त्याचं, माप त्याचं. मी आपला टाका घातला."

मास्तर हसायचा, कूस बदलून झोपायचा. असं किती वेळा झालं असेल, देव जाणे.

मग आजार यकृतात निघाला आणि ते हसणं संपलं. दवाखान्यातून आल्यावर मास्तर म्हणाला, "तू बाहेरच्या खोलीत झोपत जा. आणि मला हात लावू नकोस. मला हे सगळं निस्तरून जायचंय."

निस्तरून! तो शब्द शिंप्याच्या जिव्हारी लागला. निस्तरायला ते काय सांडलेलं दूध होतं? पण मरणाऱ्याशी भांडणार कोण? त्यानं आपली गादी उचलली. मास्तरला उठवायला, पुसायला पगारी माणूस ठेवला. शिंपी पडद्याच्या अलीकडे कॉलर कापत बसायचा आणि पलीकडचं कण्हणं ऐकायचा. एकदा तो माणूस खाली गेलेला असताना मास्तर पलंगावरून घसरला. शिंपी धावला, तर मास्तर जमिनीवरूनच ओरडला, "तू नको! शेजाऱ्यांना बोलव."

त्यानं शेजाऱ्यांना बोलावलं. ते उचलत होते आणि हा दारात उभा होता. आता उभा होता तसाच.

मास्तर गेल्यापासून शिंप्याला रडू आलं नव्हतं. रडायचं कुणासाठी, हेच कळत नव्हतं. ज्याच्याबरोबर संसार केला त्याच्यासाठी, की ज्यानं तो संसार पाप म्हणून पुसून टाकला त्याच्यासाठी? आपण मास्तरचे कोण होतो, घर की गुनाह, एवढंच त्याला कळायला हवं होतं. आणि सांगणारा तर तोंड मिटून पडलेला.

तेवढ्यात चाचा आले. मशिदीत मयताला अखेरचं न्हाऊ घालायचं काम त्यांचं. पायात रबरी बूट, गुडघ्यापर्यंत प्लास्टिकचा एप्रन, तोंडात सदान् कदा लवंग. बाह्या वर करत त्यांनी विचारलं,

"आत कोण कोण?"

"मी आणि माझा मेव्हणा," भाऊ म्हणाला.

"मेव्हणा राहू द्या. टेलर कुठंय?"

"त्यांचं काय काम इथं?"

"मयतानं सांगून ठेवलंय, मला टेलरनं न्हाऊ घालावं. मी मदतीला."

शिंप्यानं दाराची चौकट धरली.

"कसं शक्य आहे?" भावाचा आवाज चढला. "दादानं अल्लाकडे माफी मागून तौबा केली होती. माझ्यासमोर, ढसाढसा रडून!"

"माझ्यासमोरही केली."

"मग?"

"मग काय? तौबा केली, डोळे पुसले आणि त्यानंतर मला हे सांगितलं. शुद्धीत होते."

"चाचा, हा माणूस कोण आहे ठाऊक आहे तुम्हाला?"

"मी मयत धुतो, जिवंत माणसं नाही. मयतानं ज्याचं नाव घेतलं त्याचा हक्क पहिला, मग नातेवाइकांचा. असा कायदा आहे, मी घरून आणलेला नाही."

दुष्ट माणूस नव्हता तो भाऊ. त्याचे डोळे लाल होते आणि आपल्या भावाला वरच्या शिक्षेतून सोडवल्याच्या समजुतीवर तो गेले काही आठवडे जगला होता. ती समजूत आता हातातून निसटत होती, आणि धरायला दुसरं काही नव्हतं. तो शिंप्यासमोर आला.

"कायदा त्यांचा. पण माती माझ्या हातात आहे. आत गेलात तर कबरस्तानात यायचं नाही. जनाज्याला खांदा नाही, मूठभर माती नाही. तिथं पाऊल टाकलंत तर लोकांसमोर बोलेन, सगळं बोलेन. दादाचं नाव घेऊन बोलेन. बघा काय ते."

शिंप्यानं चाचांकडे पाहिलं.

"कबरस्तान माझ्याकडे नाही, बाबा," चाचा म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले.

ज्याच्या कबरीवर मूठभर माती टाकता येणार नाही, त्याच्या कबरीकडे उद्या कोणत्या तोंडानं जायचं? आणि बाहेर थांबलो तर हा वाळलेला देह मेव्हण्याच्या हाताखाली जायचा. शिंप्यानं चपला काढल्या आणि तो आत गेला. भावानं बाहेर पडून मागं दार जोरात आपटलं.

चाचांनी पाण्यात कापूर टाकला. बेंबीपासून गुडघ्यापर्यंत जाड कापड पसरून त्याखालची चादर अलगद ओढून काढली. मास्तरच्या बरगड्या मोजता आल्या असत्या.

"त्यांनी मला एक गोष्ट दोनदा विचारली होती," चाचा हळूच म्हणाले. "मेलेल्या माणसाला दुसऱ्या पुरुषानं न्हाऊ घालताना हात लावला, तर त्यात गुनाह नाही ना? मी म्हटलं, मास्तर, गुनाह कसला, उलट पुण्यच. तर म्हणाले, अगदी नक्की? मी म्हटलं, नक्की. मग म्हणाले, टेलरला सांगा. पण मी गेल्यावर सांगा. आधी सांगितलंत तर तो मला सोडायचा नाही आणि मलाही धीर धरवायचा नाही."

शिंप्याला एकाएकी असा राग आला, की त्यानं ओट्याची कड घट्ट धरली.

"अरे मेल्या," तो म्हणाला. "हिशेबी माणसा! जमिनीवर पडलास तेव्हा शेजारी चालले आणि मी नाही. कण्हत होतास तेव्हा मी पडद्याआड. आणि आता लावू देतोस होय रे हात? आता?"

शिंप्याच्या हनुवटीवरून पाणी ओघळून ओट्यावर पडलं. चाचांनी पाठ फिरवली आणि भरलेली बादली पुन्हा भरायला घेतली.

"चाचा, मी मागं सरतो. मला नाही जमायचं."

"मग मी उरकतो. पण त्यांनी तुमचं नाव घेतलंय, माझं नाही."

बाहेर भाऊ कुणाला तरी मोठ्यानं सांगत होता, घरचीच माणसं करताहेत सगळं, घरचीच.

शिंप्यानं बाह्या दुमडल्या. चाचांनी कापडाखालचं सगळं स्वतः, हाताला फडकं गुंडाळून, न बघता उरकलं. मग पुढचं काम करायला एक कोरं फडकं शिंप्यापुढं धरलं.

"आता वुजू. नमाजाआधी धुतो तसंच, आधी तोंड, मग उजवा हात."

शिंप्यानं फडकं हाताला गुंडाळायला घेतलं आणि तो थांबला.

"हे लागतंच का?"

"झाकलेल्या अंगाला लागतं," चाचा म्हणाले. "तोंडाला नुसता हात चालतो."

शिंप्यानं फडकं ओट्यावर ठेवलं.