रुमालाखालचे भाव

सत्याला कुणीही मारू शकत नाही, असं विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाच्या भिंतीवर ठळक निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. मंगळवारी सकाळी साडेअकराला डॉ. सिद्धांत बनसोडे यांचं डोकं त्याच भिंतीवर, 'कुणीही' या शब्दाच्या जरा खाली, दोनदा आपटलं.

डॉ. सिद्धांत हे विभागाच्या 'जिल्हा अर्थवेध' या ऑनलाइन नियतकालिकाचे संपादक. जिल्ह्याचं अर्थकारण आणि सरकारी धोरणं यांवर त्यात दर पंधरवड्याला लेख येत. सहा वर्षांत एकाही लेखावर कुणाचं साधं पत्र आलं नव्हतं. त्यामुळे डोकं आपटत असतानाही, आपल्याला वाचक आहे, असा एक सुखद विचार त्यांच्या मनात चमकून गेला.

वाचकाचं नाव संगमेश. दुधनीच्या पलीकडे, सीमेलगतच्या एका आडत बाजारात त्याची तुरीची खरेदी. डोकं आपटत होता तो त्याचा माणूस बसू. क्विंटलभराचं पोतं एकट्यानं उचलणारा.

"सर, बसा," संगमेश म्हणाला आणि त्यांना खुर्चीत ढकललं. "तुमी शिकल्याली मानसं. एकच इचारतो. कुणी सांगितलं?"

प्रश्न रास्त होता. त्या बाजारात तुरीचा भाव रुमालाखाली ठरायचा. व्यापारी आणि आडत्या एका रुमालाखाली हात घालणार, एकमेकांची बोटं दाबणार, आणि तूर ज्याची तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमाल बघणार. कुठलं बोट म्हणजे काय, हे सिद्धांत सरांनी तक्त्यासह छापलं होतं. गेल्या गुरुवारी एका शेतकऱ्यानं चालू लिलावात रुमाल ओढून काढला. पुढं जे झालं त्यात संगमेशच्या भावाचे समोरचे चार दात गेले.

हे सगळं सरांना समजावून दिलं होतं तिप्पण्णा नावाच्या म्हाताऱ्या हमालानं. तो राहायचा त्याच बाजाराच्या आवारात, बायकोसह, पत्र्याच्या खोलीत. लेखात तो 'माहितीदार क्रमांक सात' होता.

"संशोधनात माहितीदाराचं नाव गुप्त ठेवतात," सर म्हणाले. ओठ फाटल्यामुळे 'गुप्त' हा शब्द नीट आला नाही.

"त्याला पोत्यात घालून शिवायचाय, सर. नाव नसलं तर शिवायचा कुणाला?"

सरांनी मान हलवली. बसूनं ती थांबवली.

"निदान ल्येख तरी काढा की."

"त्याला संपादक मंडळाची सभा लागते. किमान पाच सदस्य."

"अण्णा, मग पाच जमंस्तवर मारू की," बसू संगमेशला म्हणाला. त्याच्या बोलण्यात उपरोध नव्हता. तो कामाचा अंदाज बांधत होता.

संगमेशनं खांद्यावरचा रुमाल काढला आणि सरांच्या मांडीवर अंथरला.

"लिवायचा हात कंचा?"

"उजवा," सर म्हणाले. विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायची सवय नोकरीत लागली होती.

"मंग त्योच द्या."

बसूचा हात रुमालाखाली गेला. करंगळी मोडल्याचा आवाज हिरवी शेंग मोडावी तसा आला. सर किंचाळले. शेजारच्या वर्गात कुणीतरी दार लावून घेतलं.

"नाव?"

"माहितीदार... क्रमांक सात."

दुसरं बोट. मग तिसरं. सरांना उलटी झाली, ती संगमेशच्या बुटावर. संगमेशनं त्याच बुटानं त्यांच्या बरगड्या मोजल्या. तिप्पण्णाची पत्र्याची खोली सरांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. दारात बसून त्या म्हाताऱ्यानं त्यांना हाच हात हातात घेऊन बोटं शिकवली होती. त्यांनी दात आवळले. त्यातला एक आधीच हलत होता, तो तोंडातच पडला.

शेवटी बसूच दमला. "ह्यो सांगत न्हाय, अण्णा." संगमेशनं कॉम्प्युटरचा पडदा उचलून फरशीवर आपटला, वर खुर्ची घातली. "घ्या. ल्येख संपला," असं म्हणून दोघं गेले.

संध्याकाळी दवाखान्यात श्रीदेवी मॅडम आल्या. अर्थवेधची वेबसाइट त्याच सांभाळायच्या.

"नाव सांगितलं नाही," प्लास्टरातला हात उचलून सर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना स्वतःबद्दल आदर वाटत होता.

मॅडमनी मोबाइल त्यांच्यापुढे धरून लेख तळापर्यंत सरकवला. ऋणनिर्देशाशिवाय लेख घ्यायचा नाही, हा नियम सरांनीच केला होता. तळाशी त्यांच्याच शब्दांत होतं: 'रुमालाखालची बोटं समजावून देणारे हमाल श्री. तिप्पण्णा यांचे मनःपूर्वक आभार.' शेजारी दोघांचा हसरा फोटो.

सर उठून बसले. "काढा. आत्ता काढा."

"काढते. सभा?"

"कसली सभा! काढा!"

मॅडमनी लेखच काढून टाकला. "दुपारीच तिप्पण्णांना फोन केला. बाजारातच आहेत, पोती उचलतायत. कुणी काही विचारलं नाही म्हणाले."

"बारा दिवस होतं ना हे? किती जणांनी पाहिलं?"

मॅडमनी वेबसाइटची आकडेवारी उघडली. लेख चार हजार एकशे सहा जणांनी उघडला होता. वाचनाचा सरासरी वेळ एकोणीस सेकंद. तळापर्यंत कुणीही गेलं नव्हतं.