तिसरी जागा

मला व्हॉइस मेसेज पाठवू नये, अशी पाटीच मी साकोलीच्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात लावली आहे. लोकांना दोन ओळी टाइप करायचा कंटाळा, आणि मी मात्र त्यांचं खाकरणं-खोकणं ऐकत बसायचं? मी ते मेसेज उघडतच नाही.

त्या दिवशी रंजू लॅपटॉप घेऊन आली तेव्हाही माझं डोकं तापलेलंच होतं. अपडेटनंतर तिचं मशीन निळ्या पडद्यावर अडकलं होतं आणि अठ्ठेचाळीस आकड्यांची रिकव्हरी की मागत होतं. डिस्कला ते कुलूप दोन वर्षांपूर्वी मीच लावून दिलं होतं. तेव्हा बजावलंही होतं, की हा नंबर तीन जागी ठेवा, आणि त्यातली एक जागा घराबाहेरची असू द्या.

"कागद उधईनं खाल्ला, भूपेंद्रभाऊ," रंजू म्हणाली. "अन् फाईल..."

"फाईल कुठं आहे?"

"याच लॅपटॉपात."

म्हणजे किल्ली पेटीत टाकून पेटीला कुलूप! मी बोलायचं ते सगळं बोललो. मग म्हटलं, "डिस्क पुसून देतो. आतलं जाईल, पण मशीन चालू होईल."

"पुसू नको, बापू," तिच्यासोबत आलेली तिची आजी गुणाबाई पहिल्यांदाच बोलली. "त्यात आमचा बुढा आहे."

बुढा म्हणजे रंजूचे आजोबा, मंगरू. तलावात मासे धरायचे आणि दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, गायचे. यंदा पौषात गेले. त्यांची गाणी रंजूने मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि लॅपटॉपात टाकली. पुढे तो मोबाइल तलावात पडला. आता त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

माझा राग कुठल्या कुठे गेला. पण करणार काय? की नसेल तर ते कुलूप ब्रह्मदेवालाही उघडत नाही.

"आणि तिसरी जागा?" मी सवयीने विचारलं.

रंजू अडखळली. "आजोबा मने, घराबाहेर आपलं कोन आहे? दुकानवालाच. त्याईनं तुमालेच बोलून पाठवला होता नंबर. तुमचं उत्तर नाई आलं."

मी माझ्या मोबाइलवर तिचा जुना नंबर शोधला. दोन वर्षांपूर्वीचा, तीन मिनिटांचा, न ऐकलेला व्हॉइस मेसेज. मला लाज वाटली, फार लाज वाटली.

"आयका भाऊ," मंगरूबुवा बोलू लागले. "कागद भिजते, बोललेलं भिजत नाई. मनून बोलून ठेवतो. पाच. दोन. चार. सहा. आठ. नऊ. रंजू, हा नंबर आहे का रेल्वेगाडी?"

गुणाबाईने पदर तोंडाशी धरला. रंजू एकेक आकडा टाकत गेली. सहा-सहा आकड्यांचे आठ गट; त्यातला सहावा मात्र मशीन घेईना. म्हाताऱ्याचे पुढचे दात गेलेले, त्यामुळे सहा म्हणाले की सात, ते कळत नव्हतं. मी दोनदा ऐकवलं.

"सातच," गुणाबाई म्हणाली. "सहा तो लांबवते. पन्नास वर्सं आयकलं मी त्याले."

रंजूने सात टाकला. गट घेतला. अठ्ठेचाळिसावा आकडा ऐकला तसा मी मेसेज बंद केला, आणि लॅपटॉपचं कुलूप उघडलं. रंजूने रडत रडतच दंडारीचं एक गाणं लावलं. म्हाताऱ्याचा आवाज खणखणीत होता, शेजारचा पानवालासुद्धा डोकावून गेला.

गुणाबाईने थोडं ऐकलं आणि नातीचा हात धरला.

"हे त्यानं साऱ्या गावाले आयकवलं," ती म्हणाली. मग माझ्या मोबाइलकडे बोट केलं. "थे काहून बंद केलं, बापू? काम झालं का तो मले हाक मारे."

मेसेजचे अकरा सेकंद उरले होते. मी बटण दाबलं.

"झाले बाबा एकदाचे," मंगरूबुवा दमून म्हणाले. भांड्यांचा आवाज आला. "गुने, चाय मांड वो."

"मांडतो, मांडतो," गुणाबाई म्हणाली, आणि माझ्या दुकानातल्या स्टुलावरून उठली.