सशाची तीट

स्नेहलताबाई पुण्याहून परदेशात, हॅमिल्टनला मुलाकडे आल्या, तेव्हा सुनेने, अस्मिताने, त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, "आई, गॅरेजमधला फ्रीजर तेवढा उघडू नका." आता उघडू नका म्हटल्यावर न उघडणारी सासू पुण्यात तरी अजून जन्माला यायची आहे. दुसऱ्या दिवशी मटार काढण्याच्या निमित्ताने त्यांनी झाकण उचललं, तर मटाराच्या पिशवीखाली एक अख्खा ससा, थिजलेला, कान मागे टाकून पडलेला.

"अरे देवव्रत! घरात मढं ठेवलंयस?"

"आई, हेअर आहे तो, रानससा. पलीकडच्या फार्मवाल्याने मारलेला. मी त्याची टॅक्सीडर्मी करणार आहे."

"पेंढा भरणार म्हणजे!"

"पेंढा आता कोणी भरत नाही गं. आत फोमचा साचा असतो, वरून कातडी."

आत काय का असेना, चाळीस वर्षं संकष्टी करणाऱ्या बाईला व्हायचा तो संताप झालाच. पण त्यांनी तो गिळला, कारण मुलाकडे त्या पाहुणचारासाठी आल्याच नव्हत्या. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात देवव्रतची आयटीतली नोकरी गेली होती. कंपनीने अख्खं डिपार्टमेंटच बंद केलं. तेव्हापासून तो शेतीच्या सामानाच्या दुकानात खताच्या गोण्या उचलत होता आणि घरी आल्यावर भिंतीकडे बघत बसत होता. फोनवर त्याचं 'सगळं स्वीट अ‍ॅज, आई' हे इथलं 'सगळं झकास' ऐकूनच त्यांनी तिकीट काढलं होतं. स्वीट असतं तर आवाज असा का आला असता?

मात्र गॅरेजमधल्या टेबलापाशी बसला की तोच मुलगा शीळ घालायचा. सशाच्या काचेच्या डोळ्याभोवती बारीक माती बसवताना त्याची जीभ दाताखाली यायची, लहानपणी चित्रं काढताना यायची तशी. स्नेहलताबाई आधी दारातून बघायच्या, मग स्टूल घेऊन आत बसायला लागल्या. सशाचा राग कधी गेला ते त्यांनाही कळलं नाही. एकदा तर मिशीचा एक केस वाकडा दिसला म्हणून त्यांनी बोट पुढे केलं.

"आई, हात नको!" देवव्रत केवढ्याने ओरडला. मग ओशाळून म्हणाला, "अगं, कॉम्पिटिशनचा रूल आहे. दुसऱ्या कोणाचा हात लागला की एन्ट्री बाद."

ही कॉम्पिटिशन म्हणजे टॅक्सीडर्मीवाल्यांचं वर्षाचं संमेलन. नवशिक्यांच्या गटाचं परीक्षण लॉइड पेनफोल्ड नावाचा म्हातारा करायचा. म्युझियमची कामं त्याच्याकडे यायची. यंदा त्याने जाहीर केलं होतं की पहिल्या दोघांतून एकाला तो आपल्या वर्कशॉपमध्ये पगारावर शिकायला घेईल. देवव्रत याबद्दल फारसं बोलत नसे. पण रात्री जेवताना अस्मिताने "लॉइडकडे गेलास तर गाडी तुला लागेल" म्हटलं, तेव्हा त्याने मान खाली घातली आणि कितीतरी महिन्यांनी दुसरी पोळी मागून घेतली. त्या पोळीवर स्नेहलताबाईंनी तूप जरा जास्तच वाढलं.

संमेलन रोटोरुआच्या वाटेवरच्या एका रग्बी क्लबाच्या हॉलमध्ये होतं. गाडीत मागच्या सीटवर स्नेहलताबाई आणि शेजारी खोक्यात ससा. वाटेत पेट्रोल भरायला देवव्रत उतरला, अस्मिता कॉफी आणायला गेली. बाईंनी खोक्याचं झाकण जरासं उचललं. ससा असा बसला होता, की आत्ता कान टवकारेल. देखणा, अगदी देखणा. आणि आता हॉलभर परकी माणसं त्याच्याकडे टक लावून बघणार होती. त्यांचा जीव एकदम खालीवर झाला.

बँकेत तीस वर्षं नोकरी केलेली बाई. अंधश्रद्धाळू म्हटलं तर भांडायला उठेल. पण देवव्रत दहावीच्या पेपरला निघाला तेव्हाही त्याच्या कानामागे त्यांनी तीट लावलीच होती. त्यात विचार कसला करायचा? पर्समध्ये काजळाची डबी होती. बोट फिरलं आणि सशाच्या डाव्या कानामागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी, टेकलं. हात लावायचा नसतो हे त्यांना त्या क्षणी आठवलं नाही. आईचा हात 'दुसऱ्याचा' असतो, हे कुठल्या आईला वेळेवर आठवतं?

परीक्षण बंद दाराआड झालं. टेबलांवर नुसते नंबर, नावं नाहीत. दुपारी दारं उघडली तेव्हा सशापुढे निळी फीत होती. इथे लाल पहिली, निळी दुसरी. लाल फीत टाउपोच्या एका मुलीच्या मुंगसासारख्या प्राण्याला मिळाली होती. अस्मिताने टाळी वाजवली. दुसरा म्हणजे दोघांत आलाच की! स्नेहलताबाईंनी मनातल्या मनात तिटीचे आभार मानले.

मग लॉइड एकेका स्पर्धकाला त्याच्या कामातलं बरंवाईट सांगत सशापाशी आला. हातात बारकी टॉर्च आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा. "किया ओरा, देव," त्याने इथल्या पद्धतीने नमस्कार केला. "या हॉलमधले सगळ्यात जिवंत डोळे तुझ्या सशाचे आहेत. मी मनात तुलाच घेऊन टाकलं होतं." देवव्रतचा चेहरा लहान मुलासारखा फुलला. "पण नवशिके कान बसवताना चुकतात, म्हणून मी आधी तिथे बघतो." त्याने टॉर्च डाव्या कानामागे धरली. "हे काय आहे? शिवण उसवली म्हणून रंग फासलास? चूक झाली तर मी शिकवीन. झाकणारा माणूस मात्र मला वर्कशॉपमध्ये नको."

देवव्रत वाकला. त्याने पाहिलं. असली तीट ज्याच्या स्वतःच्या कानामागे दहावीपर्यंत लागली, त्याला ओळखायला वेळ कशाला लागतो? त्याने आईकडे बघितलंसुद्धा नाही. "माझ्या हाताचं ग्रीस लागलं असेल," तो म्हणाला. "सॉरी. माझं लक्ष गेलं नाही."

"हे ग्रीस नाही," लॉइड म्हणाला. "हा मेकअप आहे."

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, पण इथे कर्म स्नेहलताबाईंचं आणि गेलं मुलाचं. गप्प बसावं तर मुलगा लबाड ठरतो. बोलावं तर एन्ट्री बाद होते. अस्मिताने त्यांचं मनगट घट्ट धरलं, "आई, प्लीज, नका." पण आपल्या पोराला चारचौघांत कोणी लबाड म्हणतंय, हे त्यांना उभं राहून ऐकवेना.

"मी लावलं ते," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "आमच्याकडे लावतात. वाईट नजर लागू नये म्हणून. त्याला माहीतही नव्हतं."

लॉइडने खिशातून कापूस काढला आणि अलगद काजळ पुसलं. टॉर्च धरली, आरसा धरला. खाली काही नव्हतं. शिवण कुठे सुरू होते आणि कुठे संपते, तेही दिसत नव्हतं.

"सुंदर," तो पुटपुटला. त्याचाच चेहरा पडला होता. शेजारी कमिटीची दोन माणसं उभी होती, त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मॅडम, तुमचा मुलगा लबाड नाही हे मला कळलं. पण दुसऱ्याचा हात लागला की एन्ट्री राहत नाही. हा नियम मी एका माणसासाठी मोडला तर उद्या कुणाला काय सांगू?" आणि त्याने निळी फीत उचलली.

"मला बाद करा," स्नेहलताबाई म्हणाल्या. "मी उद्याच परत जाते पुण्याला. त्याला ठेवा." हे बोलणं किती वेडं आहे हे त्यांना बोलतानाच कळत होतं. लॉइडने दोन्ही हातांत त्यांचा हात धरला, सॉरी म्हणाला आणि पुढच्या टेबलाकडे गेला. आता जागा मिळालेली टाउपोची मुलगी आईच्या गळ्यात पडून आनंदाने रडत होती.

पार्किंगमध्ये देवव्रतने खोकं गाडीत ठेवलं, पट्टा लावला. अस्मिताने पुढे बसून दार लावून घेतलं.

"रागव ना रे माझ्यावर," स्नेहलताबाई म्हणाल्या. "चांगला ओरड मोठ्याने. वाटोळं केलं मी तुझं."

"काय म्हणून ओरडू, आई?" देवव्रत म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "दृष्ट लागावी एवढं माझं काहीतरी चांगलं चाललंय, असं या दोन वर्षांत फक्त तुलाच वाटलं."

सोमवारी तो पुन्हा गोण्या उचलायला जाणार होता, आणि डबा भरून देण्यापलीकडे स्नेहलताबाईंच्या हातात काही उरलं नव्हतं.