तानीबाईंचे कोलोरॅडो

मित्रांनो, मी एक जुनी पुस्तिका आहे. बत्तीस पानांची, दोन पिनांवर तगलेली. त्यातली एक पिन गंजून गेली आहे. माझ्या मुखपृष्ठावर बर्फाचा डोंगर आहे आणि त्याखाली इंग्रजीत लिहिले आहे, ‘परदेशातून आलेल्या पाहुण्यांनो, कोलोरॅडो राज्यात तुमचे स्वागत असो.’ आज मी निपाणीतल्या एका छोट्या वाचनालयाच्या कपाटात पडून आहे. इथे मला कुणी उघडत नाही. म्हणून आज मीच बोलते.

माझा जन्म अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात, एका छापखान्यात झाला. माझ्याबरोबर माझ्या हजारो बहिणी छापल्या गेल्या. आमचे काम एकच, आपल्या डोंगराळ राज्याची नवख्या माणसाला ओळख करून द्यायची. इथे चौदा हजार फुटांहून उंच अशी पन्नासावर शिखरे आहेत. हवा विरळ आहे, तेव्हा पहिले दोन दिवस दमाने घ्या, पाणी भरपूर प्या. अस्वलांना खायला घालू नका. सप्टेंबरात अ‍ॅस्पेनची झाडे पिवळी होतात, ती जरूर पाहा. एवढे सांगून मी विमानतळावरच्या मांडणीत उभी राहिले. लोक मला उचलत, चाळत आणि परत ठेवत.

१९७५ सालच्या ऑगस्टमध्ये एका सडपातळ तरुणाने मला उचलले आणि कोटाच्या खिशात घातले. त्याचे नाव जोतिराम. गाव निपाणी. वडील देवाप्पा तंबाखूच्या वखारीत हमाली करता करता वारले होते. आई तानीबाई विड्या वळायची. बेळगावात शिष्यवृत्तीवर इंजिनिअर होऊन तो पुढे शिकायला आला होता. त्यांच्या वस्तीतून इतक्या लांब गेलेला तो पहिलाच.

थंडी सुरू झाली तसा तो वसतिगृहाच्या खोलीत बसून माझ्या समासांत इंग्रजी मजकुराचा अर्थ आणि आईसाठी चार ओळी मराठीत लिहू लागला. पिवळ्या झाडांच्या चित्राखाली त्याने लिहिले, ‘आई, अख्खे झाड हळदीत बुडवून काढल्यासारखे दिसते.’ एकोणिसाव्या पानावर डोंगरांच्या कुशीतल्या एका तळ्याचे चित्र आहे. तिथे त्याने लिहिले, ‘आई, दर रविवारी दुपारी मी या तळ्याकाठी बसून जेवतो.’ मग मला पाकिटात घालून त्याने पोस्टात टाकले.

अशी मी निपाणीला आले.

तानीबाईंना अक्षरओळख नव्हती. शेजारच्या चंद्राबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. दुपारी बायका मांडीवर सूप घेऊन कट्ट्यावर विड्या वळायला बसत, तेव्हा चंद्राबाई मला वाचून दाखवीत.

“चौदा हजार फूट म्हंजे किती गं?” नागुबाई विचारी.

“तवंदीचा घाट चढताना बस कशी कण्हती? तसले लई घाट एकावर एक रचायचे,” चंद्राबाई सांगत.

“आन् माझा जोती तिथं ऱ्हातोय,” तानीबाई म्हणत. हातातल्या विडीला दोरा गुंडाळताना त्यांची मान ताठ होई.

मित्रांनो, तो माझ्या मानाचा काळ होता. जर्द्याने माखलेली बोटे लुगड्याला पुसूनच तानीबाई मला हात लावीत. वर्षभरात मी त्यांना तोंडपाठ झाले. आणि दर रविवारी दुपारी त्या एकोणिसावे पान उघडून समोर ठेवत आणि ताट वाढून घेत. “बस रं जोती,” असे हळूच म्हणत आणि मग पहिला घास घेत. त्या पानावर आमटीचा एक डाग अजून आहे.

जोतिराम शिकला, तिकडेच नोकरीला लागला. महिन्याला येणारी पत्रे तीन महिन्यांनी येऊ लागली, मग वर्षातून दोनदा. इतर सहा दिवस मी त्याच्या शाळेच्या सदऱ्याखाली, पत्र्याच्या पेटीत असे. अंधारात मला माझ्या डोंगरांची आठवण येई. तानीबाईंना काय काय आठवत असेल, ते मला वाचता येत नव्हते.

नऊ वर्षांनी, १९८४च्या मे महिन्यात, जोतिरामने आईला तीन महिन्यांसाठी बोलावून घेतले. कापडी पिशवीत ज्वारीचे पीठ, चटणी आणि मला घेऊन तानीबाई निघाल्या. डेन्व्हरच्या विमानतळावरच्या मांडणीत आता नव्या, चकचकीत पुस्तिका होत्या. मला कुणी ओळखले नाही. जोतिरामही क्षणभर ओळखू आला नाही. त्याचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते.

त्याच्या घरात एक खुर्ची होती, एक ताट आणि एक पेला. सकाळी तो कामावर जाई. तानीबाई खिडकीशी बसून राहत. रस्त्यावर माणूस दिसायचा नाही. लांबवर माझ्या मुखपृष्ठावरचे डोंगर दिसायचे.

पहिला रविवार उजाडला. तानीबाईंनी भाकऱ्या थापल्या, पिठले केले, फडक्यात बांधले आणि मला काखोटीला मारून दारात उभ्या राहिल्या.

“चल रं.”

“कुठं, आये?”

“कुठं म्हंजे? तळ्यावर. रविवार न्हवं आज?”

जोतिराम खाली बघत म्हणाला, “आये, मी तिथं कधीच गेलो न्हाय.”

“आन् हे लिवलंस ते?”

“तवा तुला काय लिवावं, सुचंना. खोलीत बसून चित्र बघितलं आन् लिवलं. तुला बरं वाटंल म्हून.”

“पर त्याला नऊ वर्सं झाली की रं!”

“एकट्यानं जाऊन काय करायचं, आये?”

तानीबाई त्या एकुलत्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी माझे एकोणिसावे पान उघडून मांडीवर ठेवले.

“मी दर रविवारी त्या तळ्यावर तुझ्यासंगं जेवले,” त्या म्हणाल्या. “आन् तू हितं खोलीत बसून हुतास व्हय?”

जोतिरामने गाडीची किल्ली घेतली.

दोन तास घाट चढून दोघे तळ्यावर पोचले. तळे अर्धे गोठलेले होते. वारा बोचत होता. तानीबाईंना धाप लागली. “दमानं घ्याचं, पानी प्याचं. ह्यात लिवलंय,” असे म्हणत त्यांनी आधी लेकालाच पाणी पाजले. मग दोघे एका दगडावर बसून जेवले. जोतिरामने तीन भाकऱ्या खाल्ल्या. आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

त्याने पेन काढले आणि माझे एकोणिसावे पान उघडले. “खोडतो ही ओळ.”

“नगं खोडूस. चंद्राबाई वाचंल, तवा तिला मी काय सांगू?”

ऑगस्ट आला. जोतिराम म्हणाला, “आये, ऱ्हा की हितंच.” त्या म्हणाल्या, “हितं मी बोलू कुनासंगं? तूच चल.” तो म्हणाला, “तिथं आता माझं काय काम हाय?” तानीबाई एकट्या परत आल्या आणि मीही.

कट्ट्यावर सगळ्या जणी जमल्या. चंद्राबाईंनी मोठ्याने वाचले, “दर रविवारी दुपारी मी या तळ्याकाठी बसून जेवतो.”

“बसतो न्हवं?” नागुबाईंनी विचारले.

“व्हय,” तानीबाई म्हणाल्या. “लई ग्वाड जागा हाय.”

त्यानंतर रविवारी त्यांनी मला कधी समोर घेतले नाही. मी पेटीतच राहिले. मात्र दर महिन्याला त्या चंद्राबाईंकडून पत्र लिहून घेऊ लागल्या. डोंगरांचे विचारत नसत, बर्फाचे विचारत नसत. एकच ओळ असे, ‘या रविवारी कुणासंगं जेवलास?’

पहिली उत्तरे एका शब्दाची आली, ‘एकटाच.’ पुढे पुढे तर उत्तरच येईना. तरी तानीबाई विचारत राहिल्या. १९८६च्या दिवाळीनंतर एक पत्र आले. त्यात लिहिले होते, ‘आई, पलीकडच्या घरात एक म्हातारी एकटीच राहते. या रविवारी तिला जेवायला बोलावले. भाकरी जाड झाली, एका बाजूने करपली. ती तरीही दोन तास बसली.’ तानीबाईंनी ते पत्र चंद्राबाईंकडून तीनदा वाचून घेतले.

दोन वर्षांनी त्या गेल्या. चंद्राबाईंनी मला वस्तीतल्या वाचनालयात आणून दिले आणि ते पत्र मात्र स्वतःजवळ ठेवले. त्यात माझा मान गेला असे मला वाटत नाही.

मित्रांनो, मला झटकून कुणी नवी पिन लावली तर मला आनंदच होईल. पण माझे मागणे वेगळे आहे. मी एका राज्याची शिखरे मोजून सांगू शकते, तळी दाखवू शकते. त्या राज्यातल्या एका खोलीत एक माणूस कसा जेवतो, हे मला कधी सांगता आले नाही. तुमचे कुणी दूर गेले असेल, तर तिथे काय काय आहे हे त्याला मागाहून विचारा. आधी विचारा, तू जेवलास का आणि सोबत कोण होते. उत्तर आले नाही, तर पुन्हा विचारा.