उलटं लागलेलं रीळ

सुकटीत निळ्या जाळ्याचा एक धागा निघाला... नलूने तो चिमटीत धरून उजेडाकडे नेला, तेवढ्यात सून क्रांती बाहेरच्या खोलीतून म्हणाली, की आई, सापडला तुमचा सिनेमा, टीव्हीवरच लावते.

सापडायला तो हरवला होता कुठे – मुरुडच्या तंबूत पाहिल्यापासून पस्तीस वर्षं ती तो बाळगूनच वावरत होती. नवऱ्याशी भांडून एक बाई होडीत बसून निघून जाते, आणि मग एकदम ती दोघं पाटावर आमटीभात जेवताना दिसतात, संपलं. कोणी आणली, माफी कोणी मागितली, काही नाही... नुसतं जेवण. पुढे पाहिलेले शेकडो सिनेमे तिला खोटेच वाटले. ज्यात बाई चहा करते पण गाळत नाही, भांडणानंतर भांडी कोणी घासत नाही, तो सिनेमा तिच्या लेखी बाद.

तिच्या नवऱ्याने, सदाने, तोच सिनेमा अलिबागला पाहिलेला. लग्नानंतर त्याने सांगितलं, की जेवण आधी असतं, बाई जाते ती शेवटी, आणि परत येत नाही. आगरदांड्याच्या धक्क्यावर रिळांचे डबे भिजले, त्यांवरचे आकडे पुसले, तुमच्या तंबूवाल्याने रिळं उलटी लावली. तिने ते कधी मानलं नाही. तेव्हापासून मिठावरून, पर्यटकांना भाड्याने द्यायच्या खोल्यांच्या रंगावरून, अगदी पोराच्या लग्नावरूनसुद्धा ती काही बोलली की तो म्हणायचा, "नलू, तुझं रीळ उलटं लागलंय." अंगाचा तिळपापड व्हायचा तिच्या.

माघात त्याला अर्धांगाचा झटका आला, वाचाच गेली. वाचा परत आली ती एवढंसं 'व्हय' घेऊन. आमटी अळणी झाली ना – व्हय. आज सोमवार ना – व्हय, आणि बाहेर शुक्रवारचा बाजार भरलेला. शेजारणी म्हणतात, नशीबवान आहेस, नवरा शब्द मोडत नाही. शब्द मोडणारं कोणी नसलं की माणूस किती थकतं, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं... मी एकटीच दोघांचं बोलते, एकटीच दोघांचं ऐकते.

म्हणून आज तिला हरायचं होतं. बाई जाईल, सिनेमा संपेल, हा वळेल आणि एकदाच, एकदाच ते उलट्या रिळाचं वाक्य टाकेल. ती सुकट तशीच टाकून त्याच्या खुर्चीपाशी येऊन बसली.

जेवण मध्यावरच येऊन गेलं. "अहो, हा शेवट ना?" तिने मुद्दाम विचारलं.

"व्हय."

मग भांडण. मग होडी. होडी ठिपक्याएवढी झाली आणि पडद्यावर नावं सरकू लागली. म्हणजे खरं त्याचंच होतं, पहिल्यापासून.

"बघा," ती म्हणाली. "तुमचंच बरोबर निघालं. ती येत न्हाय."

सदा पडद्याकडेच पाहत होता. ओठ जुळवायला त्याला बराच वेळ लागला.

"न्हाय," तो म्हणाला. "येल ती. जेवायला येल."

क्रांती टीव्ही बंद करायला उठली. नलूने हातानेच तिला थांबवलं. न्हाय म्हणाला... तीन महिन्यांत पहिल्यांदा तिचा शब्द मोडला, आणि मोडला तो तिचाच जुना हट्ट हातात घेऊन. हा समजून म्हणाला, का याच्या डोक्यात सगळ्याचीच सरमिसळ झालीय, कोण जाणे – आणि उद्या भांडायचं झालं तर आता आपण कुठल्या बाजूने... तिला वाटलं, रडू येईल. आला तो नुसता शीण. पण हा रोजचा नव्हे, भांडण रंगल्यावर यायचा तो, जुना, अंगाच्या ओळखीचा.