बरणीतलं पाणी

आमच्या बोटीचं इंजिन सारखं बंद पडत होतं. "वहिनी, इंजिन पूर्ण खोलावं लागेल. खर्च मोठा आहे," धाकटा दीर म्हणाला. धक्क्यावर इंजिनं दुरुस्त करणारा तो एकटाच.

"आधी डिझेलचा फिल्टर काढा."

"आता तुम्ही मला शिकवणार?"

"शिकवत नाही. बघायचंय."

एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून त्याने फिल्टर काढला. तो मी काचेच्या बरणीत रिकामा केला. खाली पाणी बसलं, वर डिझेल तरंगलं. बिघाड एवढाच, डिझेलमध्ये पाणी. नवा फिल्टर लावला, नळीतली हवा काढली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण नवरा बोटीतच बसला होता.

"चारचौघांत माझ्या भावाला चोर ठरवलंस."

"मी एक शब्द तरी बोलले का?"

"बरणी बोलली ना."

दीर हात पुसत उठला. "दादा, उद्या भर समुद्रात बंद पडलास तर बायकोलाच हाक मार."

नवऱ्याने चालू इंजिन बंद केलं. माझ्याकडे न बघता तो भावाला म्हणाला, "खोल. काय बदलायचं ते बदल."